संशोधनाच्या पेपरमध्ये मेथड लिहिलेली असताना कोड वेगळा का द्यायचा?

कारण मेथड वाचून चूक सापडत नाही, कोड चालवूनच सापडते. २०१४ साली नेचर प्रोटोकॉल्स या जर्नलमध्ये एनएमआरचं (रेणूची रचना ओळखायची पद्धत) गणित करणाऱ्या पायथन स्क्रिप्ट्स, म्हणजे पायथन भाषेतले छोटे प्रोग्राम, आल्या होत्या, कोडसकट, आणि बऱ्याच केमिस्ट लोकांनी त्या जशाच्या तशा वापरल्या. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या हवाई युनिव्हर्सिटीत त्याच स्क्रिप्ट चालवल्या तर त्याच फाइल्सवर विंडोज १० वर उत्तर १७३.२ आणि उबुंटू १६ (लिनक्सचा एक प्रकार) वर १७२.४!! भानगड काय तर पायथनचं ग्लोब, म्हणजे फाइल्सची यादी काढून देणारी सोय, फोल्डरमधल्या फाइल्स कुठल्या क्रमाने देईल याची काही गॅरंटी नसते, ते सिस्टिमवर अवलंबून असतं, आणि स्क्रिप्टने धरून चाललेलं की क्रम बरोबरच येणार, मग फाइल्सच्या जोड्या चुकल्या आणि एरर काहीच नाही, आकडा मात्र गुपचूप चुकीचा. उपाय काय, तर फाइल्सची यादी आधी सॉर्ट करायची, बस.

आता सांगा, ही गोष्ट पेपरच्या मेथडमध्ये कोण लिहिणार? लिहिणाऱ्यालाच माहीत नसते. कोड सगळ्यांच्या हातात होता म्हणून पाच वर्षांनी का होईना पण नेमकी ओळ सापडली. म्हणून तुमचा कोड कितीही गबाळा असू दे, लाजू नका, पेपरसोबत टाकाच, आणि पायथनचं व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम पण लिहा.