नाशिकमध्ये धर्म न बदलता लग्न करायचंय, पण घरच्यांना पंचवटीत विधीही हवेत. आधी काय करावं?

आधी नोंदणी विवाह. दोघांचे धर्म वेगळे असतील तर नुसत्या सप्तपदीने किंवा निकाहाने कायदेशीर गुंता होतो. म्हणून धर्म न बदलता लग्न करू देणारा विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकाने नाशिक जिल्ह्यात लग्नाच्या नोटिशीआधी सलग किमान ३० दिवस राहिलेलं असावं. नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे द्या. ३० दिवस ती त्यांच्या कार्यालयात लावली जाते. कायमचा पत्ता धुळ्याचा असेल तर तिथल्या कार्यालयातही लागते. घरी बोलायचं असेल तर त्याआधीच बोला, तिसऱ्याकडून कळलं की माणसं जास्त दुखावतात.

नोटिशीवर कोणी घेतलेला आक्षेप वय, आधीचं लग्न, निषिद्ध (फार जवळचं) नातं अशा कायद्यातल्या कारणांवरच टिकतो. ‘आम्हाला मान्य नाही’ हे कारण नव्हे. नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते, म्हणून मुहूर्त त्या मुदतीत बसवा. ३ साक्षीदार लागतात. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतंय ना, हे आधीच पाहा.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात: हिंदू व्यक्तीने या कायद्याखाली मुस्लिम किंवा ख्रिस्ती व्यक्तीशी लग्न केलं की ती हिंदू व्यक्ती मालमत्तेच्या हिशोबाने एकत्र कुटुंबातून विभक्त मानली जाते. तोवरचा वाटा जात नाही. वडिलोपार्जित द्राक्षबाग असेल तर वकिलाला आधी विचारा.

विधी त्यानंतर खुशाल करा.