तळघरातली बीअर आणि आजन्म परवाना

प्रश्न: मी बाणेरच्या एका सहकारी सोसायटीत राहतो. नोकरीनिमित्त नऊ वर्षं अमेरिकेत होतो, तिथं घरी बीअर बनवायला शिकलो. २०१९ मध्ये इथं फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने तळघरातली दहा बाय बारा फुटांची खोली 'स्टोअर' म्हणून साडेतीन लाखांना वेगळी दिली. पावती माझ्याकडे आहे. तिथं टाइल्स, सिंक आणि एसी बसवून बीअर बनवण्याची जागा करायची आहे. २० लिटरचे दोन फर्मेंटर (आंबवण्याची भांडी), मोठी किटली, माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) पोती, हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट सगळं आणून ठेवलंय. विकायचं काही नाही. मी, बायको आणि शनिवारी येणारे चार-पाच मित्र, एवढेच पिणार. मित्र माल्टचा खर्च वाटून घ्यायला तयार आहेत. आम्हा दोघांकडे मद्यसेवनाचा आजन्म परवाना आहे. दिवाळीत स्वयंपाकघरात एक बॅच करून पाहिली होती, तिचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले होते. आता सेक्रेटरींची नोटीस आली आहे: 'तळघरात दारूचा कारखाना काढत असल्याचे समजते, पंधरा दिवसांत खुलासा करा.' काय उत्तर देऊ?

उत्तर: आधी एक काम करा. यीस्टची पाकिटं उघडू नका आणि टाइल्सवाल्याला थांबवा. मग पुढचं वाचा.

नोटिशीमुळे तुमचं लक्ष खोलीकडे गेलंय. खोलीचे प्रश्न आहेत, त्यांच्याकडे मी येतेच. पण तळघराऐवजी हेच सगळं तुमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात असतं तरी उत्तर बदललं नसतं. महाराष्ट्रात घरी बीअर बनवणं हा गुन्हा आहे. थोडी बनवली, स्वतःपुरती बनवली, उत्तम बनवली, तरीही.

कायदा आहे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. नाव दारूबंदीचं असल्यामुळे अनेकांना वाटतं की तो आता कागदावरच उरलाय, कारण दुकानं तर उघडी आहेत. प्रत्यक्षात त्याची रचना अशी आहे की मुळात सगळ्यालाच बंदी, आणि परवाना मिळेल तेवढीच सूट. कलम १२ प्रमाणे दारू बनवणं, ब्रुअरी (बीअर बनवण्याची जागा) उभारणं किंवा चालवणं, दारू बाळगणं, विकणं, विकत घेणं, सगळंच मना आहे. तुम्ही ज्याला आजन्म परवाना म्हणता, तो या बंदीला पाडलेलं एक छोटं दार आहे. त्या दारातून तुम्हाला विकत घेता येतं, ठरलेल्या प्रमाणात बाळगता येतं आणि पिता येतं. बनवण्याचं दार वेगळं आहे, त्याची किल्ली त्या परवान्यात नाही. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. तो फक्त तुमचा नाही, चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही मी तो ऐकला आहे.

'पण ही बीअर आहे, दारू नाही,' असंही अनेकदा ऐकू येतं. कायद्याच्या व्याख्येत बीअर, वाइन, ताडी आणि अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रवपदार्थ 'दारू'मध्ये मोडतो. 'बनवणं' या शब्दाची व्याख्याही तितकीच रुंद आहे. नैसर्गिक असो वा कृत्रिम, ज्या प्रक्रियेतून दारू तयार होते ती प्रत्येक प्रक्रिया त्यात येते. 'मी काहीच केलं नाही, यीस्टने केलं,' हा बचाव म्हणूनच चालत नाही.

शिक्षेचं कलम ६५ आहे. दारू बनवणं, ब्रुअरी चालवणं, दारू बाटलीत भरणं, हे सगळे त्यात वेगवेगळे गुन्हे म्हणून दिलेत आणि शिक्षा तुरुंगवास आणि दंड अशी आहे. तुमच्यासाठी त्याच कलमातला आणखी एक भाग जास्त महत्त्वाचा आहे. दारू बनवण्याच्या उद्देशाने साहित्य, भांडी किंवा उपकरणं जवळ ठेवणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे एक थेंबही न बनवता माणूस अडकू शकतो. माल्टच्या पोत्यावर बंदी नाही, बेकरीवालाही ते ठेवतो. किटली हे नुसतं भांडं आहे. पण माल्ट, हॉप्स, यीस्ट, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप) लावलेले फर्मेंटर आणि ग्रुपवरचे दिवाळीचे फोटो एकत्र ठेवले तर उद्देश विचारायची गरजच पडत नाही. त्यात कलम १०३ आहे. अशी उपकरणं सापडली आणि ती का बाळगली याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा झाला असं न्यायालय गृहीत धरतं. निर्दोष असल्याचं दाखवणं मग तुमच्या अंगावर येतं. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधिकाऱ्यांना वॉरंटशिवाय अटक करण्याचे आणि मुद्देमाल जप्त करण्याचे अधिकार आहेत.

तुम्हाला हे अन्यायाचं वाटेल. अमेरिकेत तुम्ही जे केलंत ते पूर्ण कायदेशीर होतं. तिथं १९७८ मध्ये केंद्राच्या कायद्याने घरगुती बीअरला मोकळीक दिली: एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांनी ती परवानगी द्यायला २०१३ साल उजाडलं. आपल्याकडेही मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतला राज्यांचा विषय आहे. त्यामुळे महाराष्ट्राचा कायदा इथल्या विधिमंडळानेच बदलायला हवा. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालसरा खटल्यात या कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरवला. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर 'माझ्या घरात मी काय करतो हा माझा खासगी प्रश्न' असा युक्तिवाद करता येतो, हे खरं. पण दारू बनवण्यापर्यंत तो ताणून तुमच्यासारख्या नोकरदार माणसाने स्वतःचाच फौजदारी खटला त्यासाठी पणाला लावावा, असं मी कधीही सांगणार नाही.

कायदा इतका कडक का, याचं कारण मालवणीसारख्या घटनांमध्ये आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून जास्त माणसं मेली. तुमच्या बार्लीच्या बीअरमध्ये तसा धोका नाही, हे मला माहीत आहे. पण हातभट्टी आणि हौशी फर्मेंटर यांच्यात कलम ६५ फरक करत नाही, आणि छाप्याला आलेला अधिकारीही करू शकत नाही.

मित्रांच्या पैशांचं तर ताबडतोब बंद करा. 'खर्च वाटून घेतो' हे तुमच्या दृष्टीने दोस्तीचं, पण पैसे घेऊन बीअर पाजणं हे विक्रीच्या इतकं जवळ जातं की त्यातला फरक न्यायालयाला पटवणं कठीण. शिवाय आपल्या फायद्यासाठी दारू पिण्याची जागा चालवणं हा याच कायद्यात आणखी एक वेगळा गुन्हा आहे. पैसे यूपीआयने आले असतील तर त्याची नोंद तुमच्याच बँकेत आहे.

आता खोली. साडेतीन लाखांची पावती म्हणजे मालकी नव्हे. दोन कागद काढा: नोंदणीकृत करारनामा आणि महापालिकेने मंजूर केलेला नकाशा. करारात त्या खोलीचा क्रमांक आणि क्षेत्रफळ आहे का पाहा. नकाशाची प्रत सोसायटीकडे नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा, भोगवटा पत्रही सोबत मागा. मला शंका आहे की नकाशात ती जागा पार्किंगचा किंवा सामायिक स्टोअरचा भाग म्हणून दाखवलेली असेल. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात सामायिक जागांच्या व्याख्येत सामायिक तळघर आणि सामायिक साठवणीची जागा स्पष्ट लिहिलेली आहे. त्याआधीही, २०१० च्या नहालचंद निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेतलं) पार्किंग बिल्डरला सुटं करून विकता येत नाही. तुमच्या खोलीचं तसंच काही निघालं, तर बिल्डरने जे त्याचं नव्हतंच ते तुम्हाला विकलं. मग तुमचं भांडण सेक्रेटरींशी नाही, बिल्डरशी आहे, आणि ते महारेरापुढे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणापुढे, मांडता येईल. साडेतीन लाख ही सोडून देण्याजोगी रक्कम नाही.

खोली खरोखर तुमची निघाली तरी तिचा वापर तुमच्या मर्जीचा नसतो. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत तळघराला साठवण, पार्किंग, यंत्रसामग्री असे ठरावीक वापर आहेत, आणि साठवणही सहज पेट न घेणाऱ्या वस्तूंची. स्टोअरची खोली पाणी, सिंक आणि एसी घेऊन उत्पादनाची जागा झाली, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे तो वापरातला बदल, म्हणजेच 'विकास' ठरतो. परवानगीशिवाय केल्यास कलम ५२ आणि ५३ लागतात, खटला आणि पाडकामाची नोटीस. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे फेरफाराला समितीची पूर्वपरवानगी लागते ती वेगळीच. या बाबतीत सेक्रेटरींचा सूर चुकीचा असेल, पण नोटीस चुकीची नाही.

खोलीबद्दल आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. एक किलो साखर आंबली की सुमारे अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. २० लिटरच्या एका बॅचमध्ये आंबणारी साखर साधारण दोन किलो धरली, तर निघणारा वायू अंदाजे पाचशे लिटर. तुमचे फर्मेंटर दोन, म्हणजे हजार. तुमची खोली आठ फूट उंच असेल तर तिच्यात हवा मावते सुमारे सत्तावीस हजार लिटर. दार बंद राहिलं आणि हवा कुठूनच बदलली नाही, तर आठवड्याभरात वायूचं प्रमाण साडेतीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. कामाच्या जागी आठ तासांसाठी सर्वसाधारण मर्यादा मानली जाते ती अर्ध्या टक्क्याची. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो खाली साचतो. विहिरीत किंवा टाकीत उतरलेली माणसं कशी बेशुद्ध पडतात ते आपण पेपरात वाचतोच. सोसायटीतलं एखादं पोर लपाछपीत त्या खोलीत शिरलं तर? दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे, आणि मृत्यू झाला तर कलम १०६. परवाना असता तरीही मी ही जागा नको म्हटलं असतं.

सामानाचं काय करायचं? राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून किंवा पोलिसांकडून काहीही आलेलं नाही, असं मी तुमच्या पत्रावरून समजते. तसं असेल तर फर्मेंटर, एअरलॉक, हॉप्स आणि यीस्ट विक्रेत्याला परत करा, परतीची पावती घ्या. माल्ट ओळखीच्या बेकरीला द्या. बेत सोडून दिल्याचा हा उघड कागद तुमच्या बाजूने उभा राहील. पण मध्येच सरकारी नोटीस आली किंवा कोणी चौकशीला आलं, तर त्या क्षणापासून एकही वस्तू हलवू नका आणि वकिलाला फोन करा. ग्रुपवरचे फोटो आता पुसत बसू नका. ते पन्नास फोनवर आहेत, आणि पुसल्याने लपवाछपवीचा वास तेवढा येईल.

दिवाळीच्या बॅचबद्दल कोणालाही लेखी काही देऊ नका. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्येच आहे. खोटं मात्र अजिबात लिहू नका. सोसायटीला चार ओळींचं उत्तर पुरेसं आहे:

'आपली नोटीस मिळाली. तळघरातील खोलीत कोणतेही उत्पादन सुरू नाही आणि सुरू करण्यात येणार नाही. खोलीतील फेरफाराचे काम थांबवले आहे. सदर खोलीबाबत मंजूर नकाशाची व भोगवटा पत्राची प्रत सोसायटीच्या दप्तरातून मला मिळावी, ही विनंती.'

यातलं प्रत्येक वाक्य खरं राहील याची जबाबदारी तुमची. 'कारखाना' या शब्दाला उत्तर देऊ नका. सेक्रेटरींना भेटून बोललात तर बरंच होईल. शेजाऱ्याशी झालेलं बोलणं दहा पत्रांपेक्षा जास्त काम करतं, असा माझा अनुभव आहे.

हौसेचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलं नाहीत, पण पत्रभर ते जाणवतं. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी आहेत. तो परवाना घराला मिळत नाही, पण तिथले ब्रुअर शिकलेल्या हातांना ओळखतात. शनिवार-रविवार अशा परवानाधारक जागी त्यांच्या हाताखाली काम करायला विचारा, रेसिपी तुमची आणि परवाना त्यांचा. घरीच काही आंबवायचं असेल तर इडलीचं पीठ, लोणची, दही यांना कोणाची हरकत नाही. कोंबुचाबद्दल (आंबवलेल्या चहाच्या पेयाबद्दल) जपून. अन्नसुरक्षेच्या नियमांत अर्ध्या टक्क्यावर अल्कोहोल गेल्यावरच पेय मद्य ठरतं, पण दारूबंदी कायद्याच्या व्याख्येत अशी मर्यादा नाही.

कायदा बदलावा असं मनापासून वाटत असेल तर तुमच्यासारख्या हौशींनी एकत्र येऊन शासनाकडे निवेदन द्यावं. ठरावीक प्रमाणात, स्वतःपुरती, नोंदणी करून घरगुती बीअर बनवू द्यावी, ही मागणी मला रास्त वाटते. तिचा मसुदा करायला मी फी घेणार नाही.

सोसायटीचं उत्तर दोन प्रतींत न्या, एकीवर तारखेसह सही-शिक्क्याची पोच घ्या. ती प्रत, बिल्डरची पावती आणि करारनामा एकाच फाइलमध्ये ठेवा. नकाशा हातात आला की त्या फाइलसकट या, महारेराच्या तक्रारीचं आपण तेव्हा पाहू.