एकच स्कोप, दोन कामे: एल्कची शिकार आणि लांब पल्ल्याची नेमबाजी

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा समजला: आपल्याकडे ६.५ क्रीडमूर काडतुसाची एक रायफल आहे, ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना मिळाला आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोतील रॅटनजवळच्या व्हिटिंग्टन सेंटर या नेमबाजी केंद्रात जाऊन तिथल्या ११२३ यार्डांवरच्या पोलादी पांढऱ्या बायसनवर गोळी वाजवायची आहे. या दोन्ही कामांना पुरेल असा एकच ५-२५ पटींचा स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) घ्यावा का, असे आपण विचारले आहे. जाता जाता, जुना स्कोप कोल्हापूरच्या चुलत भावाला नेऊन देता येईल का, हाही प्रश्न आहे.

माझे उत्तर 'घेऊ नये' असे आहे, आणि त्यामागचे कारण बहुतेकांना वाटते त्याहून वेगळे आहे. स्कोप निवडताना आपण सगळे सर्वांत आधी मोठा आकडा पाहतो, कारण पेटीवर तोच ठळक छापलेला असतो. शिकारीसाठी मात्र लहान आकडा महत्त्वाचा असतो, आणि लांब पल्ल्यासाठी या दोन्ही आकड्यांपेक्षा वरचा टरेट (नेम वर-खाली करण्याचे फिरते बटण) जितका फिरवला तितकाच नेम सरकवतो की नाही, हे महत्त्वाचे असते. पटी हा दोन्हीकडे दुय्यम मुद्दा आहे.

लहान आकड्याचे महत्त्व मी चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी मीही आपल्यासारखाच हिशेब करून एक मोठा स्कोप शिकारीच्या रायफलीवर बसवला होता. आदल्या संध्याकाळी समोरचा उतार न्याहाळण्यासाठी तो १८ पटींवर फिरवला आणि तसाच ठेवून झोपलो. पहाटे अॅस्पेनच्या झाडीतून चालत असताना साठेक यार्डांवर एक एल्कची मादी उठून उभी राहिली. रायफल खांद्याला लावली तर स्कोपमध्ये फक्त तपकिरी केस दिसत होते. ते मानेचे, पोटाचे की पुठ्ठ्याचे, हे काही केल्या कळेना. १८ पटींना शंभर यार्डांवर साधारण सहा फुटांचा पट्टा दिसतो, म्हणजे साठ यार्डांवर जेमतेम साडेतीन फूट. एल्कचे अंग त्याच्या दुपटीहून लांब असते. मी पटी कमी करायला कडे चाचपडत असताना ती दोन ढांगांत दिसेनाशी झाली. तीन पटींवर ठेवलेल्या साध्या ३-९×४० स्कोपमध्ये (तीन ते नऊ पटी, पुढचे भिंग ४० मिलिमीटर) शंभर यार्डांवर सुमारे ३३ फूट दिसतात, आणि त्या सकाळी मला तेवढेच हवे होते.

उजेडाचा हिशेबही याच्याशी जोडलेला आहे. कोलोरॅडोत शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास अशी आहे, आणि एल्क नेमके त्याच दोन संधिकालांत उघड्यावर येतात. पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला पटींनी भागले की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. ४० च्या भिंगाला सहा पटींवर ती पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असते, तर ५६ च्या भिंगाला २५ पटींवर सव्वादोनच. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर ती पाचाच्या आसपास राहते. म्हणून ५६ चे अवजड भिंग माझ्या वयाच्या माणसाला कमी पटींवर फारसे काही जास्त देत नाही, आणि जास्त पटींवर संधिप्रकाशात कोणालाच पुरेसे देत नाही. इथे भिंगावरचा लेप आणि काचेचा दर्जा यांना अधिक महत्त्व आहे. तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. दुकानदाराला विनंती करून संध्याकाळी दाराबाहेर उभे राहून समोरच्या झाडीच्या सावलीत पाहावे.

आता वजन. ल्यूपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४० साधारण ३४५ ग्रॅमचा आहे, आणि व्होर्टेक्सचा रेझर एचडी जेन टू ४.५-२७×५६ पावणेचौदाशे ग्रॅमच्या आसपास. हा फरक एक लिटर पाण्याच्या भरलेल्या बाटलीएवढा आहे, आणि ती बाटली रायफलीच्या पाठीवर, सर्वांत उंच जागी बसते. मैदानावर, जिथे गाडीतून उतरून चटईवर झोपायचे असते, तिथे हे वजन उलट उपयोगी पडते, कारण जड रायफल कमी उसळते आणि गोळी कुठे लागली ते आपल्यालाच पाहता येते. दहा हजार फुटांवर, विरळ हवेत, चौथ्या दिवशी, तीच रायफल हातात धरवत नाही आणि मग ती पाठपिशवीला बांधली जाते. पिशवीला बांधलेली रायफल ऐन वेळी हातात नसते, हे वेगळे सांगायला नको.

लांब पल्ल्याचे गणित निराळे आहे आणि मला त्यावर जरा रेंगाळायचे आहे, कारण पैसे तिथे लागतात. आपली रायफल २०० यार्डांवर झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी जुळवली, तर ३०० यार्डांवर गोळी सात-साडेसात इंच खाली येते. एल्कच्या हृदय-फुप्फुसांचा भाग बारा ते पंधरा इंचांचा असतो, म्हणजे तीनशेपर्यंत टरेटला हात लावण्याची गरजच पडत नाही. नेम किंचित वर धरला की झाले. ११२३ यार्डांवर मात्र हवेच्या घनतेनुसार नऊ ते अकरा मिल (मिल हे कोनाचे माप) वर जावे लागते. त्या अंतरावर एक मिल म्हणजे चाळीस इंच. दहा मिल म्हणजे चारशे इंच, जवळपास तीन मजली इमारतीची उंची. आपण गोळी बायसनच्या तीन मजले वर रोखत असतो आणि ती उंची केवळ टरेटच्या क्लिकवर विश्वास ठेवून मोजत असतो. टरेट दोन टक्के खोटे बोलत असेल, तर तिथे आठ इंचांची चूक होते. तोच टरेट शिकारीच्या तीनशे यार्डांत आयुष्यभर खोटे बोलला तरी कोणाला कळणार नाही, कारण तो फिरवलाच जात नाही. शिकारीसाठी उत्तम असलेले कितीतरी स्कोप मैदानावर फजिती करतात ते यामुळे. काच चांगली असते, पण आतली यंत्रणा रोज फिरवून पुन्हा त्याच जागी येण्यासाठी घडवलेली नसते.

हे तपासणे सोपे आहे आणि त्याला खर्च नाही. उंच कागदावर ओळंब्याने एक सरळ उभी रेघ मारावी, तळाशी नेमाचा ठिपका ठेवावा आणि फीत धरून बरोबर ३६ इंचांवर आडवी खूण करावी. शंभर यार्डांवर दहा मिल म्हणजे ३६ इंच. अंतर पावलांनी मोजू नये, फितीनेच मोजावे. आधी शून्यावर तीन गोळ्या, मग टरेट दहा मिल वर नेऊन त्याच ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या, मग परत शून्यावर तीन. वरचा गट खुणेवर यावा आणि शेवटचा गट पहिल्याच्या अंगावर. वरचा गट रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूला गेला, तर रेटिकल, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या रेघा, तिरके बसले आहे. ही तिरपाई क्षुल्लक वाटते, पण तीन अंशांचा कल असेल तर बायसनपाशी गोळी एकवीस इंच बाजूला पडते आणि आपण मात्र वाऱ्याला दोष देत बसतो.

टरेट वर किती जाऊ शकतो, हेही खरेदीपूर्वी पाहावे. एक इंची नळीच्या पुष्कळ शिकारी स्कोपमध्ये खाली-वर मिळून साठेक एमओए (कोनाचे दुसरे माप) फिरवता येतात. सपाट बेसवर (रायफलीवर स्कोप बसवण्याच्या पट्टीवर) झिरो साधारण मध्यावर येतो, म्हणजे वर जायला तीसच उरतात, आणि आपल्याला ३१ ते ३८, म्हणजे वरचे नऊ ते अकरा मिल, लागणार आहेत. २० एमओएचा उतार असलेली रेल बसवली की ते पन्नास होतात. तीस किंवा चौतीस मिलिमीटरची नळी लोक उजेडासाठी घेतात, पण तिचा खरा उपयोग आत फिरायला जागा मिळावी हा आहे. रेटिकल मिलचे असेल तर टरेटही मिलचेच घ्यावे. मिलचे रेटिकल आणि एमओएचे टरेट अशी खिचडी स्वस्तात मिळते, तिच्या वाटेला जाऊ नये.

रेटिकल फर्स्ट फोकल प्लेनमध्ये असावे की सेकंडमध्ये, यावर खूप वाद घातले जातात. पहिल्या प्रकारात पटी बदलल्या की रेटिकलही तितकेच लहान-मोठे होते, त्यामुळे त्यावरच्या खुणा प्रत्येक पटीला खऱ्या असतात. दुसऱ्यात रेटिकल तेवढेच दिसते आणि खुणा एकाच पटीला, बहुधा सर्वांत मोठ्या, खऱ्या असतात. निम्म्या पटींवर दोन मिलची खूण चार मिलची होते. मैदानावर मी पहिलाच प्रकार घेईन. जंगलात मात्र तीन पटींवर त्याचे रेटिकल कोळ्याच्या तंतूसारखे बारीक होते आणि सांजवेळी काळ्या झाडीत हरवते, म्हणून तिथे दुसरा प्रकार बरा, किंवा मग पहिल्याला प्रकाशित रेटिकल हवेच. बॅटरीवर चालणाऱ्या गोष्टींबाबत प्रत्येक राज्याचे शिकारीचे नियम वेगळे आहेत, तेव्हा त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचूनच जावे.

पटींविषयी इतकेच सांगतो की स्पर्धांमधले लोक २५ पटींचे स्कोप बाळगतात आणि त्यातले बरेचसे बारा ते अठरा पटींवरच गोळी झाडतात. त्याहून वर गेले की उन्हाची झळ, जिला इथे मिराज म्हणतात, लक्ष्यालाच नाचवू लागते, आणि उसळीनंतर गोळी कुठे गेली हे दिसत नाही.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. मोठा टरेट रायफलीवर असला की हात शिवशिवतात. ६०० यार्डांवर उभा असलेला एल्क १८ पटींत इतका जवळ दिसतो की गोळी झाडावीशी वाटतेच. आपल्या गोळीला तिथे पोहोचायला पाऊण सेकंदाहून अधिक लागतो, तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा त्या अंतरावर तिला दीड ते दोन फूट ढकलतो, आणि दरीपलीकडचा वारा आपल्या गालाला लागत नाही. पोलादी पाटीवर नेम चुकला तर आवाज येत नाही, इतकेच. जनावराच्या पोटात गोळी गेली तर ते रात्रभर मरत राहते. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबनेही शिकारीतल्या लांब पल्ल्याच्या गोळीबाराविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आहे. माझी स्वतःची मर्यादा साडेतीनशे यार्डांची आहे, आणि तीही रायफल टेकवता आली तरच.

आता नेमका सल्ला. या ऑक्टोबरसाठी ३-१५ पटींच्या वर्गातला, चाळीस ते चव्वेचाळीसचे भिंग, तीस मिलिमीटरची नळी आणि साधारण सातशे ग्रॅमच्या आत वजन असलेला स्कोप घ्यावा. त्याचा वरचा टरेट उघडा पण कुलूपबंद होणारा आणि झिरो-स्टॉप (परत फिरवताना झिरोवरच थांबवणारा अटकाव) असलेला असावा, बाजूचा टरेट टोपणाखाली असावा. कुलूप हवेच, माझा एक टरेट पिशवीत घासून पूर्ण फेरा फिरला होता आणि ते मला एका कोयोटीने, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याने, गोळी डोक्यावरून जाऊ देऊन कळवले. पॅरलॅक्सचे (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो, तो दोष घालवण्याचे) चाक बाजूला असलेला स्कोप मिळाला तर बरे, कारण शंभर-दीडशे यार्डांवर कायम बसवलेला पॅरलॅक्स शिकारीला चालतो, हजाराला नाही. खिसा परवानगी देत असेल तर ल्यूपोल्डचा मार्क ५एचडी ३.६-१८×४४ या चौकटीत जवळपास बसतो. सुमारे ७४० ग्रॅम म्हणजे किंचित जड आहे, पण आतली यंत्रणा मैदानावर टिकणारी आहे. अशा स्कोपने पुढच्या उन्हाळ्यात बायसनही वाजेल, २५ पटी लागणार नाहीत. तिथे गेल्यावर या खेळाची गोडी लागलीच, तर मग दुसरी, जड रायफल आणि तिच्यावर मोठा स्कोप घ्यावा. गोडी लागतेच, हे आपल्या कुटुंबीयांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

कोल्हापूरच्या भावाला जुना स्कोप नेण्याचा विचार सोडून द्या. रायफलीचे स्कोप अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रणाखाली येतात, परवान्याशिवाय ते बॅगेत घालून नेणे हा इथला गुन्हा ठरू शकतो. शिवाय भाऊ ५० मीटर रायफलचा सराव करत असेल तर त्याला स्कोपचा उपयोगही नाही. ज्या प्रकारात तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या आणि ज्यात स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या दोन्हींत छिद्राच्या साध्या साइट असतात, दुर्बीण चालत नाही.

स्कोप बसवताना रिंगांचे स्क्रू टॉर्क पान्यानेच आवळावेत. बहुतेक उत्पादक पंधरा ते अठरा इंच-पाउंड सांगतात, आपल्या रिंगांसोबतच्या कागदावर जे असेल ते प्रमाण मानावे. जोरात आवळले की नळी दबते आणि आतली यंत्रणा अडकू लागते. डोळा आणि मागचे भिंग यांतले अंतर अंगात जाड जॅकेट घालून ठरवावे, कारण ऑगस्टमध्ये टीशर्टवर जुळवलेला स्कोप ऑक्टोबरमध्ये अर्धा इंच पुढे गेलेला असतो. आणि शिकारीच्या तळावर पोहोचल्यावर, गाडी कितीही जपून चालवली असली तरी, जिथे परवानगी असेल तिथे जाऊन कागदावर तीन गोळ्या झाडून झिरो पाहावा, मगच डोंगर चढावा.