इंटर्नशिपला गेले आणि कळलं, मला काहीच येत नाही

जून-जुलै आला की इंजिनीअरिंगची मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे एक प्रश्न घेऊन येतात. शब्द ज्याचे त्याचे, पण रोख एकच असतो : "तीन वर्षं मार्क चांगले पडले. इंटर्नशिपला गेले तर साधं काही सांगता येईना. माझी शाखा चुकली का?" मागोमाग पालक विचारतात, "एवढी फी भरली, ती वाया गेली म्हणायची का?"

"काही होत नाही, काळजी करू नका" असं सांगून मी त्यांना परत पाठवत नाही. मुलांना खरोखर काहीतरी बोचलेलं असतं आणि ते काय आहे हे त्यांचं त्यांनाही नीट कळलेलं नसतं. म्हणून इथे मानसीची हकिगत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला तिची परवानगी आहे.

मानसी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतली. बारावीनंतर पुण्याला मेकॅनिकलला गेली. घराण्यातली ती पहिली इंजिनीअर होणार. वाडीत सगळ्यांना हे ठाऊक, आणि गणपतीला मुंबईहून येणारे चाकरमानी दर वर्षी तिला त्याबद्दल विचारणार. हे कौतुक तिच्या खांद्यावर किती जड झालं होतं, ते मला नंतर समजलं. तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली. इंटर्नशिपला क्रेडिट, त्यामुळे ती चुकवता येत नाही. पुण्यात कुठे जमलं नाही, तेव्हा मामाच्या ओळखीने रत्नागिरीजवळच्या मासळी प्रक्रियेच्या एका कारखान्यात सोय झाली. मिरकरवाड्यासारख्या बंदरांत उतरलेली मासळी अशा कारखान्यांत साफ होते, प्लेट फ्रीझरमध्ये गोठते आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड खोल्यांत राहते. हे सगळं चालतं अमोनियाच्या रेफ्रिजरेशनवर. मेकॅनिकलच्या मुलीला शिकायला जागा उत्तम होती.

पहिल्याच आठवड्यात मेंटेनन्सच्या साहेबांनी मशीन रूममध्ये चारचौघांसमोर विचारलं, "थर्मोडायनॅमिक्सला किती मार्क होते? बरं, मग यातली सक्शन लाइन कुठली नि डिस्चार्ज कुठली, दाखव." सक्शन म्हणजे कॉम्प्रेसरकडे थंड वायू आणणारा पाइप, डिस्चार्ज म्हणजे दाबलेला गरम वायू बाहेर नेणारा. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर ही साखळी तिने परीक्षेत कितीदा तरी काढलेली. पण वहीत चार चौकोन असतात. इथे डोक्यावरून जाणारे, भिंतीत शिरणारे, एकमेकांना ओलांडणारे पाइप होते. तिने बोट दाखवलं, ते चुकलं. माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "पुण्याला एवढंच शिकवतात काय?"

दुसऱ्या दिवसापासून मानसी मशीन रूममध्ये गेलीच नाही. ऑफिसात बसून हजेरीचे तक्ते एक्सेलमध्ये भरून द्यायला लागली. तिथे तिचं कौतुक व्हायचं. पण सकाळी घरून निघायची वेळ झाली की पोटात दुखायचं. रात्री फोनवर वर्गातल्या मुलांचे फोटो दिसायचे. गळ्यात मोठ्या कंपन्यांची ओळखपत्रं आणि खाली आनंदाच्या ओळी. शेवटी आई तिला घेऊन आली.

आईंचं म्हणणं साधं होतं. "मॅडम, तिला सांगा जाऊ नको म्हणून. सर्टिफिकेटचं मामा बघतील, कुठूनतरी मिळेल." लेकीचा त्रास बघवत नव्हता, म्हणून त्या तसं बोलत होत्या. पण या वाटेला मी ठाम नकार देते. न केलेल्या कामाचा कागद विकत किंवा ओळखीने आणला, की मुलीच्या मनात एक गोष्ट पक्की होते : हे मला जमण्यासारखं नव्हतंच, म्हणून असं करावं लागलं. पुढच्या प्रत्येक मुलाखतीत तो कागद समोर आला की तिलाच घाम फुटणार.

मानसीला मी म्हटलं, "काहीच येत नाही म्हणतेस ना, मग काय काय येत नाही ते लिही." तिने लिहिलं. पाइप ओळखता येत नाहीत. बोल्ट बघून किती नंबरचा पाना लागेल ते कळत नाही. ऑपरेटर काका कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून 'आज बरोबर नाय' म्हणतात, मला सगळे आवाज सारखेच वाटतात. ग्लँड पॅकिंग म्हणजे काय ते माहीत नव्हतं. लॉगबुकात दर तासाला आकडे लिहितात, ते कशासाठी ते समजत नाही.

मग त्याच कागदावर प्रत्येक ओळीसमोर एक गोष्ट लिहायला सांगितली : हे तुला कधी, कुणी शिकवलं होतं? ती पेन धरून बसली. एकाही ओळीसमोर काही लिहिता येईना. यातलं काहीच वर्गात शिकवता येत नाही, ते यंत्राशेजारी उभं राहूनच येतं. म्हणजे तिला जे येत नव्हतं, तेच शिकायला ती तिथे गेली होती. आणि त्या प्रसंगानंतर तिने नेमकं तिथेच उभं राहणं सोडलं होतं.

मुलांना आणि पालकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. लाज वाटलेली जागा टाळली की लगेच बरं वाटतं, पोटातला गोळा सुटतो. मन ती सुटका लक्षात ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी टाळण्याची ओढ आणखी वाढते. आठवडाभरात मूळ प्रसंग बाजूला राहतो आणि त्या दाराचीच भीती बसते. टाळलेल्या दिवसांत शिकणंही थांबतं, त्यामुळे 'मला येत नाही' हे दिवसेंदिवस खरं होत जातं. मुलीला वाटतं तिची बुद्धी कमी पडतेय, आणि खरं तर ती रोज त्या दारातून मागे फिरत असते.

म्हणून शाखेचा विषय तेव्हा बाजूला ठेवायचं ठरलं. घाबरलेल्या मनाने एवढा मोठा निर्णय घ्यायचा नाही, हे तिला पटलं. आधी फक्त दाराच्या आत जायचं, तेही साहेबांची फेरी नसताना. मदत कुणाची मागशील, असं विचारल्यावर तिने त्या ऑपरेटर काकांचं नाव घेतलं. आयटीआय झालेले, अर्धं आयुष्य त्याच मशीन रूममध्ये काढलेले. ते त्या दिवशी हसले नव्हते, हे तिच्या ध्यानात होतं. काय बोलायचं याचा सरावही केला : "काका, मला त्या दिवशी सांगता आलं नाही. दाखवाल का?" हे वाक्य म्हणताना ती माझ्यासमोर रडली. मग डोळे पुसून पुन्हा म्हणाली, आणि या वेळी आवाज नीट होता.

काकांनी काय केलं ते तिने पुढच्या भेटीत सांगितलं. म्हणाले, "हात लावू नको हां बाय, भाजशील. नुसता जवळ धर. गरम लागला ना, तो डिस्चार्ज. नि ह्याच्यावर बर्फ धरलाय, तो सक्शन." इतकंच. पण त्याआधी त्यांनी तिला मास्क कुठे टांगलेत, पाणी कुठे आहे, वास आला तर कुठल्या दाराने पळायचं ते दाखवलं, आणि न विचारता एकाही व्हॉल्व्हला हात लावायचा नाही असं बजावलं. अमोनिया डोळ्यांना आणि छातीला फार वाईट. इंटर्नला पहिल्या दिवशी हे दाखवायलाच हवं होतं.

मानसीची दुसरी तक्रारही ऐकण्यासारखी होती. "मॅडम, प्लांट तर बंदच आहे. शिकू काय?" १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी. नवी मासळी येत नाही, फ्रीझर रिकामे, आधीचा माल सांभाळायला एखादाच कॉम्प्रेसर चालू. मुलांना वाटतं, इंटर्नशिप फुकट गेली. पण कोकणातल्या या धंद्यात यंत्रं उघडतात ती याच दिवसांत. नारळी पौर्णिमेच्या सुमारास हंगाम जोर धरला की कुणाला बोलायलाही सवड नसते. मानसीने एक कॉम्प्रेसर पूर्ण उघडलेला पाहिला : पिस्टन, रिंगा, झिजलेल्या व्हॉल्व्ह प्लेटा, शाफ्टचं सील. कंडेन्सरच्या नळ्यांवरचा क्षार काढताना ती शेजारी उभी होती.

काकांच्या सांगण्यावरून ती एका पाइपचा हात धरल्यासारखी त्याच्या मागे फिरली आणि कागदावर रेघ ओढत गेली. कॉम्प्रेसरपासून ऑइल सेपरेटर, कंडेन्सर, रिसीव्हर, व्हॉल्व्ह, फ्रीझर आणि परत कॉम्प्रेसर. भिंतीवरच्या जुन्या नकाशात नसलेली एक बायपास लाइन, म्हणजे आडवाटेने जाणारा पाइप, तिला सापडला. मागे कधीतरी दुरुस्तीत टाकलेला, नोंद करायची राहून गेलेला. काकांनी तो साहेबांना दाखवायला लावला. साहेबांनी कौतुक वगैरे केलं नाही. "नकाशात घाल," एवढंच म्हणाले. मला भेटल्यावर तिने हे तीन वेळा सांगितलं.

लॉगबुकाचंही तसंच झालं. तिने मागच्या उन्हाळ्याचे आकडे घेऊन आलेख काढला. एप्रिल-मेच्या दुपारी डिस्चार्जचा दाब चढलेला दिसला. किनाऱ्यावर हवेतच दमटपणा इतका, की कंडेन्सरला लागणारं पाणी कूलिंग टॉवरमध्ये बाष्पीभवनाने हवं तेवढं थंड होत नाही. पाणी गरम म्हणून कंडेन्सरचा दाब वाढतो, आणि तेवढ्याच थंडाव्यासाठी कॉम्प्रेसर जास्त वीज खातो. हे सगळं तिने वहीतल्या दाब-एन्थॅल्पीच्या, म्हणजे दाब आणि उष्णता यांच्या आकृतीत शिकलेलं होतं. कंडेन्सरचा दाब दाखवणारी वरची आडवी रेघ आणखी वर सरकली की काय होतं, यावर तिने परीक्षेत गणितही सोडवलेलं. मला आकृती काढून समजावताना ती इतक्या भरभर बोलत होती, की मध्ये थांबवून विचारायची वेळ माझ्यावर आली. तिचे मार्क खोटे नव्हते. वहीतली ती आकृती मशीन रूममध्ये कुठे शोधायची, हे तोवर तिला कुणी दाखवलं नव्हतं.

तिची एक सवय इतर मुलांनीही उचलावी असं मला वाटतं. "हे काय आहे?" असं विचारलं की कामातला माणूस एका शब्दात नाव सांगून मोकळा होतो. "हे बंद पडलं तर काय होईल?" असं विचारलं की तो हातातलं काम ठेवून बोलायला लागतो. आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्याने सांगितलेलं आपल्या मराठीत चार ओळींत लिहून ठेवायचं. कॉलेजच्या रिपोर्टची इंग्रजी नंतर करता येते.

प्रत्येक वेळी मात्र टिकून राहा असा सल्ला मी देणार नाही. चूक झाल्यावर लोक हसले, हा एक प्रकार. रोज अपमान करणं, सुरक्षेची साधनं न देता धोक्याच्या कामाला लावणं, अंगचटीला येणं, घाणेरडं बोलणं हा वेगळा प्रकार, आणि तिथे शिकण्यासाठी सहन करायचं नसतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायला हवी, नसेल तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कॉलेजच्या गाइडना लगेच कळवा. आणि झोप-जेवण उडालं, दोन आठवडे मन उठतच नाही, जगणं नको असे विचार येतात, असं असेल तर इंटर्नशिपचा विचार नंतर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत. मानसीला पहिल्याच भेटीत मी हे प्रश्न विचारले होते. तसं काही नाही याची खात्री झाली, तेव्हाच मशीन रूमच्या दाराची गोष्ट पुढे नेली.

शेवटच्या भेटीत आईंनी विचारलं, "मग शाखा बरोबर आहे ना हिची?" उत्तर मानसीनेच दिलं. रात्रपाळीत प्लांट सांभाळायची नोकरी तिला नको आहे, हे तिला नक्की कळलंय. दाब, तापमान, वीज यांचा हिशेब लावायला मात्र आवडतंय, म्हणून चौथ्या वर्षाला तिने रेफ्रिजरेशनचा ऐच्छिक विषय घेतलाय. आईंना यातलं किती समजलं माहीत नाही, पण पोटात दुखत नाही एवढं त्यांना दिसत होतं. काकांनी मानसीला हंगामात प्लांट पूर्ण चालू असताना एकदा येऊन जायला सांगितलंय. दिवाळीच्या सुट्टीत ती जाणार आहे.