वाटण्यांवर अडलेले मासे

प्रश्न : माशांचा एकच साठा चार-पाच देशांच्या हद्दींत आणि खुल्या समुद्रातही फिरतो. कुणी किती धरायचे हे ठरवतं कोण? आणि एखाद्या देशाने ते मानलंच नाही तर?

उत्तर : किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा हक्क त्या त्या देशाचा, हे १९८२च्या सागरी कायदा कराराने ठरलं. हद्द ओलांडणाऱ्या माशांसाठी १९९५चा वेगळा करार आहे, २००१पासून लागू. त्या भागातल्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या गटाचे, म्हणजे प्रादेशिक मत्स्य संघटनेचे, सभासद व्हा किंवा तिचे नियम पाळा, तरच तिथे जाळं टाका, असं तो सांगतो. अर्थात, सही करणाऱ्यांनाच.

एकूण किती धरावेत, हा शास्त्रज्ञांचा आकडा बहुतेकांना मान्य असतो. घोडं अडतं ते वाटण्यांवर. ईशान्य अटलांटिकमधलं मॅकरेल (बांगड्याच्या कुळातला मासा) पाहा. २००७च्या सुमारास हा मासा आइसलंडच्या पाण्यात मोठ्या संख्येने येऊ लागला. 'आमच्याकडे चरतो, तर वाटा द्या,' हा आइसलंडचा दावा. नॉर्वे आणि युरोपीय संघाने जुन्या पकडीच्या नोंदी पुढे केल्या. मग जो तो आपला कोटा परस्पर जाहीर करू लागला आणि बेरीज वर्षानुवर्षं सल्ल्याच्या वर गेली. नियम कुणी मोडला? तांत्रिकदृष्ट्या कुणीच नाही! वाटपाचा सर्वमान्य नियमच नव्हता.

दुसरी फट हरकतीची. हिंदी महासागर ट्यूना आयोग ही अशीच एक प्रादेशिक संघटना. तिचा ठराव दोन तृतीयांश मतांनी बंधनकारक होतो. पण १२० दिवसांत लेखी हरकत घेणाऱ्या सभासदाला तो लागू होत नाही.

प्रश्न : खुल्या समुद्रात चोरी पकडतात कशी?

उत्तर : १९९५च्या करारानुसार निरीक्षक दुसऱ्या सभासद देशाच्या जहाजावर चढून जाळी, नोंदवही, परवाना तपासू शकतात. गंभीर गुन्हा दिसला तर ध्वजदेशाला, म्हणजे जहाज जिथे नोंदलेलं आहे त्या देशाला, कळवतात. त्याने तीन कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं. खटला मात्र ध्वजदेशाकडेच, आणि तिथेच प्रकरणं थंड पडतात.

आमच्या मते खरी पकड बंदरावर बसते. २०१६पासून लागू असलेल्या बंदर-उपाययोजना करारानुसार परदेशी जहाजाने येण्याआधी परवाने, पोटातला माल, समुद्रात केलेली मालाची अदलाबदल, सगळं कळवायचं. बेकायदा मासेमारीचा पुरेसा पुरावा असेल तर प्रवेश नाही. तपासणीसाठी आत घेतलं, तरी माल उतरवणं नाही, इंधनही नाही. जहाज संकटात असेल तर मदत द्यावीच लागते. बंदरावरची ही तपासणी टाळायला चोरटी जहाजं भर समुद्रातच माल शीतजहाजावर, म्हणजे मासळी गोठवून वाहून नेणाऱ्या जहाजावर, चढवतात. तिथे तो कायदेशीर मासळीत मिसळला की वेगळा काढणं जवळपास अशक्य.