ऐरोलीहून खाडीत जाताना

मुंबईहून दिवसभरात जाऊन यायचं असेल तर सुरुवात ठाणे खाडीतल्या बोटफेरीने करा. ती ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघते, सोबत मार्गदर्शक असतो. हिवाळा-उन्हाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हमखास. पण तारीख रविवार बघून नव्हे, भरती-ओहोटी बघून ठरवा. बोटीला पाणी लागतं, पक्ष्यांना उघडा चिखल. दोन्ही जमेल अशा वेळीच खरी मजा. बुकिंग आधीच करा. दुर्बीण हवीच! मान खाली घालून, उलटी चोच चिखलात फिरवत ते कसे खातात, ते तिच्यातूनच नीट दिसतं. यांच्या जाती दोन: गडद, काळपट चोचीचा तो छोटा रोहित. गुलाबी चोच, फक्त टोक काळं, तो मोठा. आणि बोट अजून जवळ घ्या असा आग्रह कृपा करून धरू नका, थवा उडाला की त्यांचं खाणं मोडतं.