संपादन आणि संकलन

प्रश्न असा आहे : पुस्तकावर संस्कार करणारा तो संपादक आणि चित्रपटाची जुळणी करणारा तो संकलक, असे मराठीत दोन शब्द का, आणि इंग्रजीप्रमाणे दोन्हीकडे एकच शब्द वापरला तर काय बिघडेल?

'संपादन' हा शब्द 'सम् + पद्' या धातूच्या प्रयोजक रूपावरून आला असून सिद्धीस नेणे, मिळवणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. 'विश्वास संपादन करणे', 'भूसंपादन' यांत मिळवण्याचा अर्थ अजून शाबूत आहे; ग्रंथाच्या बाबतीत मात्र सिद्धीस नेण्याचा, म्हणजे वाचकाच्या हाती देण्याजोगे करण्याचा, अर्थ पुढे आला. 'संकलना'च्या मुळाशी एकत्र करणे, बेरीज करणे आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) बेरजेला 'संकलित' आणि वजाबाकीला 'व्यवकलित' असेच म्हटले आहे. गंमत म्हणजे कापणे हा अर्थ या दोहोंपैकी एकाही शब्दात नाही, तरी संकलक म्हणजे कात्री चालवणारा अशी समजूत सर्रास आढळते. (कात्री मराठीत खरी बदनाम झाली ती सेन्सॉरमुळे, आणि ते काम या दोघांपैकी कुणाचेच नव्हे.)

माझ्या मते फरक आहे तो हाती येणाऱ्या ऐवजात. लेखकाचे हस्तलिखित, कसेही असले तरी, सलग असते. चित्रीकरण मात्र कथेचा क्रम सोडून, तुकड्यातुकड्यांनी होते आणि एकाच संवादाचे अनेक टेक वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले असतात. ते प्रथमच सलग होतात संकलकाच्या टेबलावर. समजा, एक पात्र म्हणते, "मी उद्या जातोय, परत येईन असं वाटत नाही," आणि दुसरे ऐकते आहे. वाक्य संपल्यावर ऐकणारीचा चेहरा दाखवला, तर प्रसंग बोलणाऱ्याचा राहतो. 'उद्या' या शब्दापाशीच तिच्यावर येऊन उरलेले वाक्य तिच्या चेहऱ्यावर ऐकवले, तर तोच प्रसंग तिचा होतो. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबात जेमतेम काही डझन चौकटींचा हा फेरफार, आणि संवादातला एक शब्दही बदललेला नसतो.

लेखी मजकुरात संपादकाला अशी मोकळीक नसते, पण जबाबदारी कमी नसते. 'मंत्री रुग्णालयात गेले आणि जखमींची विचारपूस केली' हे वाक्य घ्या. मुद्रितशोधकाने 'रूग्णालय'चे 'रुग्णालय' केले की त्याचे काम झाले. संपादकाला मात्र 'गेले'चा कर्तरी प्रयोग 'केली'ला चालत नाही हे खटकले पाहिजे आणि त्याने 'आणि त्यांनी' असे करून घेतले पाहिजे; शिवाय हीच माहिती आधीच्या परिच्छेदात येऊन गेली असेल, तर हे वाक्य हवेच कशाला, हेही त्यानेच विचारायचे.

प्राचीन ग्रंथांचे संपादन ही आणखी वेगळी गोष्ट. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरी शुद्ध केली, त्या कामाला त्यांनी 'प्रतिशुद्ध' असा नेमका शब्द वापरला आहे. पाठांतरांमुळे, म्हणजे वेगवेगळ्या प्रतींतल्या शब्दभेदांमुळे, शिरलेली अशुद्धे शोधून काढणे एवढेच त्यात अभिप्रेत होते. उलट, जो या ग्रंथात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असे समजावे, असे त्यांनी बजावले. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक (म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्तीमागेही हीच शिस्त आहे : संपादकाने पाठ निवडायचा, सुधारायचा नाही.

तेव्हा एकच शब्द वापरल्याने आभाळ कोसळणार नाही, पण एक उपयुक्त भेद हरवेल. छापील पुस्तकावर 'संकलन' असे लिहिले, तर विखुरलेला मजकूर एकत्र केला एवढाच दावा होतो. 'संपादन' लिहिले की निवड, क्रम आणि पाठाची शुद्धता यांचा जाब त्या व्यक्तीला विचारता येतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत 'संकलन' रुळलेले आहे, ते बदलू नये. फोनवरच्या 'संपादित करा' या बटणाला मात्र माझी हरकत आहे : तिथे नुसते 'बदल करा' पुरे.